शूटिंग संपलं, मग हशा कुठे अडकला?

चवथीला गावी गेलो की माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या लाकडी चौकटीला, फळं बांधता बांधता कुणीतरी विचारतंच, "शूटिंग तर शिगम्याच्या आधीच आटोपलं होतं ना रे? मग पिक्चर कधी लागणार?" विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. फेब्रुवारीत त्याच्याच शेजारच्या अंगणात दिवे लागले होते, नटमंडळी जेवून गेली होती, त्याचा पुतण्या गर्दीच्या सीनमध्ये उभा राहिला होता. त्याच्या हिशेबाने सिनेमा झालेला आहे आणि कुणीतरी तो उगाच दाबून ठेवलाय.

नोव्हेंबर जवळ आला की हा प्रश्न वाढतो. २००४पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, दरवर्षी गोव्यात भरतो. त्या दिवसांत वर्तमानपत्रांत 'पोस्ट-प्रॉडक्शन' हा शब्द सारखा दिसतो आणि त्याचा अर्थ सांगायला कुणी थांबत नाही. चित्रीकरण संपल्यापासून सिनेमा पडद्यावर लागेपर्यंतचं सगळं काम म्हणजे पोस्ट-प्रॉडक्शन. काम करणारे नुसतं 'पोस्ट' म्हणतात, आपणही तेच म्हणू. विनोदी सिनेमांच्या संकलनाच्या टेबलावर मी बसतो. विनोदी सिनेमाच्या दिग्दर्शकाचं खरं कष्टाचं आयुष्य या पोस्टमध्ये जातं, आणि ते बाहेरून कुणालाच दिसत नाही. म्हणून हा लेख.

बाजार झाला, स्वयंपाक राहिला

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पिशव्या भरून घरी आलात म्हणून ताट वाढलं जात नाही. शूटिंग म्हणजे तो बाजार. एकच सीन चार बाजूंनी घेतलेला असतो, प्रत्येक बाजूने पाच-सात वेळा. अशा एकेका वेळेला टेक म्हणतात. एकदा नट चुकतो, एकदा विमान जातं, एकदा कोंबडी मधे येते. एका मिनिटाच्या सीनसाठी वीस-पंचवीस मिनिटांचं चित्रण सहज जमतं.

हा सगळा माल संकलक, म्हणजे एडिटर, आणि दिग्दर्शक मिळून आधी नुसता बघतात. मग लावतात. पहिल्यांदा जोडलेल्या सिनेमाला रफ कट म्हणतात. तो बहुतेक वेळा लांबलचक असतो आणि विनोदी असला तर हमखास रडका वाटतो. सेटवर ज्या सीनला पोट धरून हसलो तो सीन रफ कटमध्ये मेलेला दिसतो. नवा दिग्दर्शक इथे घाबरतो. त्याला वाटतं नट चुकला किंवा लिहिणं फसलं. बहुतेक वेळा तसं काही नसतं. मधली वाट बघणं चुकलेलं असतं, एवढंच.

अठरा फ्रेमची गोष्ट

सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो. त्यातल्या एका चित्राला फ्रेम म्हणतात. दोन तासांच्या सिनेमात अशा १,७२,८०० फ्रेम असतात. नाट्यमय सीनमध्ये चार-पाच फ्रेम इकडच्या तिकडे झाल्या तर प्रेक्षकाला सहसा कळत नाही. विनोदात कळतं. का कळतं ते त्याला सांगता येणार नाही, पण तो हसणार नाही.

आमच्या एका सिनेमातला सीन सांगतो. पेडण्याकडचं अंगण. मुलगा वडिलांना हळू आवाजात सांगतोय की वडिलोपार्जित बागायतीचा एक तुकडा त्याने विकला. वडील ऐकतायत, चेहरा लाल होत चाललाय. तेवढ्यात गल्लीतून पदेराचा भोंगा वाजला, पों पों. तो खराच पदेर होता, उंडे, म्हणजे गोल पाव, घेऊन सायकलवरून आलेला. आमचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. आणि वडिलांचं काम करणारा नट आयुष्यभराच्या सवयीने, तसाच लाल चेहरा ठेवून म्हणाला, "चार उंडे घे." सेटवर सगळे फुटले. टेक एनजी लिहिला गेला, म्हणजे वापरायचा नाही असा.

तीन महिन्यांनी एडिटवर दिग्दर्शकांनी तोच एनजी टेक मागवला. आम्ही तो लावला: भोंगा, आणि सहा फ्रेमनी "चार उंडे घे". पाव सेकंद. ज्यांनी शूटिंग पाहिलं नव्हतं अशा चौघांना दाखवला. कुणी हसलं नाही. एकाने विचारलं, "काय म्हणाला तो?"

पाव सेकंदात प्रेक्षकाला किती कामं करायची होती बघा. आवाज ऐकायचा, तो पदेराचा आहे हे ओळखायचं, वडिलांच्या चेहऱ्याकडे परत यायचं, आता हा मुलाला मारणार असं मनात धरायचं. हे सगळं झाल्यावर "चार उंडे घे" ऐकू आलं तरच गंमत. आम्ही ते अंतर वाढवत गेलो. बाराला हसू फुटलं, पण अर्धवट. चोवीसला लोक आधीच ओळखून बसले. अठराला, म्हणजे पाऊण सेकंदाला, चौघेही एकदम हसले. नट तोच, वाक्य तेच, फरक अर्ध्या सेकंदाचा.

हे काम नाटकातल्या नटाला कुणी शिकवावं लागत नाही. आपल्याकडच्या जत्रेतल्या नाटकात किंवा दशावतारात बघा. संकासूर एक वाक्य टाकतो आणि थांबतो. समोरचा हशा चढतो, उतरायला लागतो, आणि तो पूर्ण उतरण्याआधी पुढचं वाक्य येतं. आज लोक जास्त हसले तर जास्त थांबायचं, उद्या दुसऱ्या गावात कमी हसले तर पुढे निघायचं. हशा चढत असतानाच बोलणाऱ्याने 'लाफ्टर खाल्ला', असं रंगभूमीवर म्हणतात. सिनेमातल्या नटाला ही सोय नाही. तो फेब्रुवारीत बोलून घरी गेला. प्रेक्षक वर्षभराने येणार. त्या न आलेल्या प्रेक्षकासाठी किती थांबायचं हे अंधाऱ्या खोलीत दोन माणसं ठरवतात, आणि एकदा ठरलं की ते प्रत्येक गावात, प्रत्येक खेळाला तेवढंच राहतं. मला या कामातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर हेच वाटतं.

पन्नासाव्या वेळी हसू येत नाही

दिग्दर्शकाचा या दिवसांतला दिनक्रम साधारण असा. सकाळी एडिट. दुपारी डबिंग. संध्याकाळी संगीतकाराशी फोन. मधे निर्मात्याचा, की तारीख सांगा. रात्री एखाद्या नटाचा, की माझा तो सीन राहिलाय ना? तो सीन दुपारीच कापलेला असतो, आणि तो का कापला हे त्या नटाला नीट, मान राखून सांगणं हेसुद्धा पोस्टमधलंच काम आहे.

पण खरी अडचण दुसरी. कोणताही विनोद पन्नास वेळा बघितला की तो विनोद राहत नाही. रडवणारा सीन शंभराव्यांदाही थोडा हलवतो. विनोद अनपेक्षितपणावर जगतो, आणि दिग्दर्शकाला तर आता काहीच अनपेक्षित उरलेलं नसतं. मग तो चांगले विनोद कापायला लागतो, कारण त्याला ते शिळे वाटतात. किंवा उलट होतं. कालच सुचलेली नवी करामत ताजी म्हणून आवडते आणि ती सिनेमात घुसते. विनोदी सिनेमे बिघडतात ते बहुतेक याच दोन रस्त्यांनी.

आमचे दिग्दर्शक यावर एक वही ठेवतात. चित्रण पहिल्यांदा बघताना जिथे खरोखर हसू आलं तिथे टेकचा नंबर आणि एक फुली. नंतर कितीही वाद झाले तरी फुलीवाला टेक न विचारता काढायचा नाही, असा त्यांनीच घातलेला नियम. पदेराचा एनजी टेक त्या वहीतूनच परत आला.

दुसरा उपाय जुना आहे, परक्यांना दाखवण्याचा. मूकपटांच्या काळात हॅरॉल्ड लॉइड आपले सिनेमे प्रदर्शनाआधी प्रेक्षकांना दाखवायचा, लोक कुठे हसत नाहीत ते बघायचा आणि तो भाग बदलायचा. १९३५मध्ये मार्क्स बंधूंनी तर उलटी वाट धरली. सिनेमातले प्रसंग चित्रीकरणाच्या आधीच गावोगावी रंगमंचावर करून पाहिले आणि हशा कुठे येतो, किती टिकतो, ते हेरून मग कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. आपल्याकडे फिल्म बाजार, म्हणजे सिनेमावाल्यांचा व्यवसाय-मेळा, २००७पासून इफ्फीच्या दिवसांत गोव्यात भरतो आहे. तिथे अपुरे, काम चालू असलेले सिनेमे जाणकारांना दाखवायची सोय असते. त्यांचं मत फार कामाचं. पण विनोदासाठी जाणकार पुरत नाहीत, असा माझा अनुभव. पंच, म्हणजे हशा आणणारं नेमकं वाक्य, ते आधीच ओळखतात. आम्ही ओळखीच्यांच्या ओळखीचे बोलावतो: एक शिक्षिका, एक बस कंडक्टर, दोन कॉलेजची मुलं, एखादी आजी. आणि आम्ही पडद्याकडे न बघता त्यांच्या खांद्यांकडे बघतो. माणूस संकोचाने तोंड दाबतो, खांदे मात्र हलतातच. आजी चुळबुळली आणि पिशवीत काहीतरी शोधायला लागली की मी वेळ लिहून ठेवतो. सीन तिथेच लांबलेला असतो.

"मग राहिलेलं पुन्हा शूट करा की"

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. कधीकधी करावंही लागतं, त्याला पॅचवर्क म्हणतात. पण गोव्यात जूनच्या सुरुवातीला पाऊस येतो. फेब्रुवारीत जो सडा, म्हणजे कातळाचं पठार, तपकिरी, भाजलेला होता तो जुलैत हिरवागार असतो. भिंतींना शेवाळ चढतं, अंगणाच्या कडेने रान माजतं. एका वाक्यासाठी वडील पुन्हा त्याच अंगणात उभे केले तर प्रेक्षकाला वाटेल, वाक्याच्या मधे पाच महिने गेले. म्हणून डिसेंबरपर्यंत थांबा, नाहीतर आहे त्यातून मार्ग काढा. बहुतेक वेळा मार्ग एडिटमध्ये सापडतो: बोलणाऱ्याचा चेहरा न दाखवता ऐकणाऱ्याचा दाखवायचा आणि नवं वाक्य डबिंगमध्ये बोलून घ्यायचं. विनोदात हे उलट फायद्याचं पडतं. हशा पुष्कळदा बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या तोंडावर येतो.

माटोळी टांगली की चौकट हलवायची नाही

गणपतीवर माटोळी बांधताना आधी लाकडी चौकट पक्की टांगतात. मग तिला सुपाऱ्या, कात्रे, नारळ, रानातली फळं. सगळं बांधून झाल्यावर कुणी म्हणालं, चौकट हातभर सरकवूया, तर प्रत्येक गाठ सोडावी लागेल. सिनेमात चौकट पक्की होण्याच्या क्षणाला पिक्चर लॉक म्हणतात. यानंतर लांबी बदलायची नाही. कारण आता त्या फ्रेमना ध्वनी, संगीत आणि रंग बांधले जाणार.

रंगाचं काम लवकर सांगून होतं. सकाळी आणि संध्याकाळी घेतलेले तुकडे एकाच दुपारचे वाटावेत असे जुळवायचे. विनोदी सिनेमा थोडा उजळ ठेवतात, कारण चेहऱ्यावरची बारीक हालचाल दिसली पाहिजे.

ध्वनीवर मात्र जीव लावावा लागतो. पावलं, भांडी, दाराची कडी हे आवाज पुष्कळदा स्टुडिओत पडद्याकडे बघत नव्याने करतात, त्याला फोली म्हणतात. विनोदातली चपराक घ्या. आवाज चित्राच्या आधी एक-दोन फ्रेम आला तर लगेच खोटी वाटते. तेवढाच मागून आला तर चालून जातं. वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो, याची आपल्या कानाला जन्मापासून सवय असते.

पार्श्वसंगीतावर दिग्दर्शकाची आणि संगीतकाराची सगळ्यात जास्त रस्सीखेच होते. नट घसरला की बासरी घसरवायची, डोळा मारला की टण्ण वाजवायचं, असं संगीत प्रेक्षकाला आधीच सांगून टाकतं की आता हसा. सांगितलं की माणूस आखडतो. मला पंचच्या आधीची शांतता सगळ्यात मोलाची वाटते. पण शांतता म्हणजे आवाज बंद नव्हे. पूर्ण बंद केला तर प्रेक्षकाला स्पीकर बिघडला असं वाटेल. म्हणून शूटिंगच्या वेळीच प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प उभं करून अर्धा-एक मिनिट नुसती तिथली शांतता रेकॉर्ड करतात: पानांची सळसळ, लांबचा पंप, एखादा कावळा. ती पंचखाली अंथरायची.

"टीव्हीसारखा हशा आतच भरून टाका ना"

अमेरिकेत चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनी अभियंत्याने १९५०च्या दशकात रेकॉर्ड केलेल्या हशांचं एक यंत्रच तयार केलं होतं. बटण दाबलं की पाहिजे तसा हशा. टीव्हीवर ते चाललं, कारण घरी एकट्याने बघणाऱ्याला सोबत हवी होती. सिनेमागृहात सोबत आधीच बसलेली असते. तिथे खोटा हशा घातला तर खऱ्याची जागा जाते.

पण यातून निघणारी पुढची शंका खरी आहे: आता बरेच लोक फोनवर, एकटे बघतात, मग हशासाठी जागा सोडायची कुणासाठी? अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी हसण्याचा बरीच वर्षं अभ्यास केला. माणूस एकटा असताना हसतो त्यापेक्षा सोबतीत सुमारे ३० पट जास्त हसतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे भरलेल्या थिएटरात "चार उंडे घे"नंतर दोन सेकंद काही ऐकू येणार नाही, आणि कोकणकन्येत वरच्या बर्थवर मोबाइल धरून पडलेल्या माणसाला तेच दोन सेकंद रिकामे भासतील.

उत्तर एकच: जागा सोडायची, पण रिकामी नाही. त्या सीनमध्ये आम्ही वाक्यानंतर आई दाखवली. ती दारात येते, पदराला हात पुसते, एकदा नवऱ्याकडे बघते, एकदा मुलाकडे, आणि काही न बोलता पावाची पिशवी खुंटीवरून काढते. पुढचं महत्त्वाचं वाक्य त्यानंतर. गर्दी हसत असेल तर तिचं काही हुकत नाही. एकटा बघत असेल तर त्याला आई बघायला मिळते. हा तुकडा वेगळ्याच सीनसाठी घेतलेला होता आणि वहीत त्याच्यापुढे फुली नव्हती. तो शोधायला दोन दिवस गेले.

"कॉम्प्युटर हे करणार नाही का?"

पुष्कळसं करतो. संवाद लिहून काढणं, टेक लावून देणं, गोंगाट पुसणं ही कामं आता तासांत होतात आणि मला त्याचं समाधान आहे, कारण माझी पाठ वाचते. पण सहा फ्रेम की अठरा, हे ठरवायला कुणीतरी हसावं लागतं. कॉम्प्युटरने बारा पर्याय दिले तरी ते बारा पर्याय त्या आजीसमोर ठेवावेच लागतात.

सेन्सॉरची पाटी

सिनेमा लोकांसमोर जाण्याआधी प्रमाणपत्र लागतं. २०२३च्या कायदादुरुस्तीनंतर यूए, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने बघायच्या सिनेमांच्या, गटाचे तीन भाग झाले: ७+, १३+ आणि १६+. प्रमाणपत्र पूर्वी दहा वर्षांपुरतं असायचं, आता कायमचं असतं. विनोदी सिनेमाला इथे एक खास धोका आहे. आक्षेपार्ह शब्द बंद करायला सांगितला, तर तो शब्द नेमका वाक्याच्या शेवटी, पंचवर असतो. आवाज गेला की हशाही गेला. म्हणून शहाणा दिग्दर्शक डबिंगलाच त्या शब्दाचा दुसरा, ओठांना जुळणारा पर्याय बोलून ठेवतो. कधीकधी तो पर्यायच जास्त चांगला निघतो. आपल्याकडच्या बोलीत शिवी न देता झोंबणारे शब्द कमी नाहीत.

पदेराचा भोंगा

शेवटच्या मिक्सिंगला मुंबईला जायचं होतं. मिक्सिंग म्हणजे संवाद, संगीत, आवाज यांचं कमी-जास्त ठरवून सगळं एकत्र बांधणं. निघायच्या चार दिवस आधी ध्वनी बघणाऱ्या मुलीने सांगितलं, भोंगा वापरता येणार नाही. मूळ टेकमध्ये तो मुलाच्या वाक्यावर चढला होता. वाक्य मोठं केलं की भोंगा मोठा, भोंगा काढला की वाक्य जखमी. वाक्य डब करता येईल, पण मग भोंगा स्वच्छ, वेगळा हवा. तयार आवाजांच्या साठ्यात सायकलचे शेकडो भोंगे आहेत. आम्ही वीस-पंचवीस ऐकले. एकही आपल्या गल्लीतला वाटेना.

मग पहाटे साडेपाचला आम्ही पेडण्याला गेलो, त्याच गल्लीत, त्याच पदेराकडे. काय हवंय ते त्याला समजावलं. तो खूश झाला. माइकसमोर उभा राहून त्याने छाती भरून, ठसक्यात भोंगा दाबला. फार छान वाजला, आणि अजिबात कामाचा नव्हता. त्या आवाजात आता त्याला कुणीतरी ऐकतंय हे कळत होतं. दिग्दर्शकांनी आणखी दोनदा करून बघितलं, मग त्याचे आभार मानून त्याला म्हणाले, "दादा, झालं आमचं. तुम्ही निघा, तुमच्या पावाला उशीर होतोय."

तो वळला. आम्ही माइक चालूच ठेवून कोपऱ्यावरच्या कुंपणाआड उभे राहिलो. त्याने दोन घरं केली, कुणाशी तरी सुट्ट्या पैशांवरून बोलला, सायकल ढकलत वळणावर आला आणि पुढच्या घराकडे बघत, लक्ष दुसरीकडेच असताना, भोंगा दाबला. दुसरा पों जरा फाटलेला. आतून एक बाई पिशवी घेऊन बाहेर आली.